ताटलीची पाठ

(ओहायो नदीकाठचं कुंभारकामाचं गाव. चर्चच्या तळघरात जुन्या भांड्यांची ओळख पटवून देतात, तो दिवस. टेबलामागे म्हातारे प्रॉसर, समोर साठीची डार्लीन.)

प्रॉसर : आधी पालथी करा, बाई. सगळे फुलंच बघत बसतात. ताटलीची जातकुळी पाठीवर असते.

डार्लीन : केली पालथी. सांगा.

प्रॉसर : टॉलिव्हर कारखाना. शिक्का हिरवा, म्हणजे युद्धानंतरचा. नक्षी ‘क्रीकसाइड’, ओढ्याकाठचा तेरडा. आणि चितारी, म्हणजे नक्षी रचणारा... आता स्वतःच्या तोंडानं काय सांगू! मीच. बावन्न साल. थांबा, चिठ्ठी लिहून देतो.

डार्लीन : शिक्क्याशेजारी एकोणपन्नास लिहिलंय.

प्रॉसर : हां, इथंच सगळे फसतात. तो आकडा मातीचा. कोरी ताटली भट्टीतून निघाली ते साल. मग ती गोदामात तीन-तीन वर्षं पडून राहायची. फुलं नंतर चढायची.

डार्लीन : म्हणजे त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही?

प्रॉसर : काही नाही.

डार्लीन : बरं. मग हा सोनेरी एकतीस?

प्रॉसर : रंगवणाऱ्या मुलीचा नंबर. कुठली ताटली कुणाच्या हातची, ते कळायला.

डार्लीन : एकतीस कोण?

प्रॉसर : साठ मुली होत्या हो! कुणाकुणाला लक्षात ठेवू?

डार्लीन : लव्हिना हॅकिट. माझी आई. एक्कावन्नच्या मार्चमध्ये लग्न झालं आणि त्याच आठवड्यात कारखान्यानं तिला घरी बसवलं. मग बावन्नची नक्षी तिनं कशी रंगवली?

प्रॉसर : मुलगी गेली की नंबर पुढचीला मिळायचा.

डार्लीन : उत्तरं तयारच आहेत तुमच्याकडे.

प्रॉसर : जे होतं ते सांगतोय. ही दुसऱ्याच कुणाची तरी असणार. लव्हिना डावखुरी होती, तिच्या देठांची शेपटी उलट्या अंगाला वळायची.

डार्लीन : आत्ता तर साठांतली एकही आठवत नव्हती.

प्रॉसर : हात लक्षात राहतो, बाई. नाव नाही.

डार्लीन : फिरवा ताटली. बघा देठ, उलट्याच अंगाला वळलेत.

प्रॉसर : डब्याच्या सुट्टीत काढायची ती. दहाबारा ताटल्या केल्या होत्या. साहेबांपुढे मी नेल्या. त्या काळी मुलीचं नाव कुणी छापलं असतं का?

डार्लीन : म्हणून स्वतःचं छापलंत.

प्रॉसर : मी पानं वाढवली होती.

डार्लीन : दोन! दोन पानं वाढवलीत आणि अख्खी नक्षी घशात घातलीत. नंतर बाजारात आलेला पूर्ण सेट आमच्याकडे आहे. आई भांडी विसळून कधी पालथी घालायची नाही, ओलीच उताणी ठेवायची. मी तिला वेंधळी म्हणायचे. या ताटलीवर नाही, पण सेटमधल्या प्रत्येक ताटलीच्या पाठीवर तुमची सही होती हो! चोर आहात तुम्ही.

प्रॉसर : हळू बोला, लोक बघताहेत. साठ वर्षं झाली त्याला. संग्रहालयात माझ्या नावाची पाटी आहे. या वयात माझी धिंड काढणार आहात का?

डार्लीन : धिंड नको. चिठ्ठीवर खरं लिहा, एवढंच मागतेय.

प्रॉसर : बरं. आणा इकडे... हे घ्या. माझं नाव खोडलंय. आता तर झालं?

डार्लीन : ‘टॉलिव्हर. क्रीकसाइड. एक्कावन्नच्या आधीची. चितारी अज्ञात.’ अज्ञात?

प्रॉसर : नाव घालायला कागदी पुरावा लागतो, बाई. आणि खरं सांगू का, गेलेल्या माणसाला आता त्याचं काय?

डार्लीन : कोण गेलं?

प्रॉसर : म्हणजे... लव्हिना...

डार्लीन : बाहेर गाडीत बसली आहे. या पायऱ्या झेपत नाहीत तिला. चिठ्ठी परत ओढू नका, सोडा. वाचेल तिची ती, डोळे चांगले आहेत अजून.