पाचव्या फेरीविषयी वस्तादांचे म्हणणे

पुरवणी जबाब

नाव : पहिल्या जबाबात लिहिलेले आहे, तेच. सगळीकडे मला 'वस्ताद' म्हणून ओळखतात. वय : ६४ वर्षे. काम : बॉक्सिंग शिकवणे. राहणार : जुन्या व्यायामशाळेच्या मागची खोली, एकटाच.

मी आज सकाळी साडेअकरा वाजता आपण होऊन पोलीस ठाण्यात आलो असून, कोणाच्याही सांगण्यावरून किंवा दबावावरून नव्हे तर माझ्या मनाने समोर बसून सांगतो की, शनिवारी सिनेमागृहात झालेल्या मारहाणीबाबत मी त्याच दिवशी संध्याकाळी जबाब दिला होता. त्यात "जखमी इसमास गर्दीतील कोणीतरी ओळखले" असे मी लिहून दिले आहे. ते खरे नाही. त्याला मी ओळखले आणि मीच दाखवून दिले. म्हणून हा दुसरा जबाब.

अकरा वर्षांपूर्वी माझा शिष्य बारक्या सहा फेऱ्यांच्या लढतीत पाचव्या फेरीत पडला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. तो बावीस वर्षांचा होता. वजन सत्तावन्न किलो. नऊ वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे होता. मला मूलबाळ नाही. समोर लढणाऱ्याला सगळे डावखुरा म्हणत. त्या दिवसानंतर डावखुऱ्याने पुन्हा कधी हातमोजे घातले नाहीत. तो लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. शनिवारी मार खाल्लेला इसम तोच.

दोन वर्षांपूर्वी या लढतीवर सिनेमा काढायचा म्हणून एक लेखक माझ्या खोलीवर आला. चार दिवस रोज येऊन बसायचा. मी सांगेन ते लिहून घ्यायचा. मी त्याला सांगितले की, चौथी फेरी संपली तेव्हाच मी रिंगणात टॉवेल टाकला होता. टॉवेल टाकला म्हणजे आम्ही हार मानली, लढत थांबवायची. पुढे मी असेही सांगितले की डावखुऱ्याच्या माणसाने तो टॉवेल पायाने बाहेर उडवला, पंचांना दिसला नाही आणि डावखुरा मारतच राहिला. सिनेमात डावखुऱ्याच्या हातमोज्यात, ठोसा दगडासारखा बसावा म्हणून, प्लॅस्टर भरलेले दाखवले आहे. ते मी सांगितलेले नाही. ते त्यांनी मनाने घातले. पण पाहिल्यावर मी "हे खोटं आहे" असे कोणालाही म्हणालो नाही.

सिनेमा लागला त्या पहिल्या दिवशी मला आणि बारक्याच्या आईला बोलावून पहिल्या रांगेत बसवले होते. बारक्याची आई इस्त्रीचे काम करते. टॉवेलाच्या प्रसंगाला सगळे सिनेमागृह हुंदके देत होते. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तुम्ही होता म्हणून माझं लेकरू एकटं नव्हतं." त्यानंतर ती पुन्हा सिनेमाला आली नाही. मी मात्र रोज गेलो.

तीनचा खेळ संपला की व्यवस्थापक मला पडद्यापुढे उभे करून हातात माइक द्यायचे. मी तेच सांगायचो. लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे, हात हातात घेऊन रडायचे, फोटो काढायचे. आयुष्यभर मी लोकांना दुसऱ्यासाठी टाळ्या वाजवताना बघत आलो. मला ते आवडू लागले होते, हे मी नाकारत नाही.

या नऊ दिवसांत प्रेक्षक बिघडत गेले, हेही मी बघत होतो. पहिले दोन दिवस ते फक्त रडत होते. तिसऱ्या दिवशी डावखुऱ्याचे काम करणारा नट पडद्यावर आला तेव्हा कोणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. चौथ्या दिवशी मागच्या रांगेतल्या दोन खुर्च्या लाथांनी मोडल्या. पाचव्या दिवशी एकजण धावत पुढे आला आणि त्याने पडद्यावर ठोसा मारला. पडदा खालच्या बाजूला वीतभर फाटला, तो अजून तसाच आहे. सहाव्या दिवशी एक प्रेक्षक सिनेमा चालू असताना हसला म्हणून त्याच्या नाकाचे हाड मोडले. तो फोनवरचे काहीतरी वाचून हसला होता. दारावरचे तिकीट तपासणारे काका मला म्हणाले, "वस्ताद, तुम्ही माइकवरनं यांना जरा शांत करा. तुमचं ऐकतील." मी म्हणालो, "राग आहे, निघून जाऊ दे." काका म्हणाले, "निघून कुठं जाणार? दार तर एकच आहे." मी ते हसण्यावारी नेले.

शनिवारी, म्हणजे नवव्या दिवशी, खेळ पाच चाळीसला संपला. दिवे लागले. मी माइक घेऊन उभा राहिलो. सिनेमागृह भरलेले होते. सहाव्या रांगेत, मधल्या वाटेला लागून असलेल्या खुर्चीवरून एक माणूस उठला. केस पांढरे, पोट सुटलेले. बरोबर सोळा-सतरा वर्षांची मुलगी. त्याला कोणीही ओळखले नव्हते. मी ओळखले. त्याची उभे राहायची पद्धत बदललेली नव्हती, डावखुरे बॉक्सर उभे राहतात तसा उजवा पाय पुढे.

तो वाटेने चार पावले पुढे आला आणि साध्या आवाजात म्हणाला, "वस्ताद, ही माझी मुलगी. शाळेत तिला फार ऐकून घ्यावं लागतंय. मी सांगितलेलं तिला पटत नाही. तुम्ही फक्त एवढंच सांगा, माझ्या हातमोज्यात काही नव्हतं. बाकी काही नको."

लढतीआधी रिवाजाप्रमाणे त्याचे हातमोजे मीच तपासले होते. त्यांत काही नव्हते. हे सांगायला मला एक श्वास पुरला असता.

मी माइकमध्ये म्हणालो, "हाच तो."

अंमलदारसाहेबांनी विचारले, घाबरून तोंडातून निघून गेले का? नाही. मला वाटले, आज हा हातमोज्यांचे विचारतोय, त्याला उत्तर मिळाले की पुढे टॉवेलाचे विचारेल. इतका विचार करून मी बोललो आहे.

पहिला ठोसा वाटेवरच्या एका सुटाबुटातल्या माणसाने मारला. त्याच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा होता. डावखुऱ्याची डावी भुवई फुटली. दुसरा फटका हेल्मेटचा, मागून, मानेवर. ज्याने हेल्मेट मारले तो दहा मिनिटांपूर्वी पहिल्या रांगेत बसून रुमालाने डोळे पुसत होता. एका बाईने छत्रीच्या टोकाने पाठीत भोसकले. डावखुऱ्याने हात उचलला नाही. एवढ्या जवळून तो त्यांतल्या तिघांना तरी सहज आडवे करू शकला असता, हे मी माझ्या धंद्याच्या अनुभवाने सांगतो. त्याने दोन्ही हातांनी मुलीला छातीशी धरले आणि पाठ बाहेर करून खाली बसला.

लोकांनी त्याला कॉलर धरून दोन रांगांमधून ओढले. मुलगी सुटली. तिने हेल्मेटवाल्याच्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा त्याने तिला खुर्चीच्या लोखंडी कडेवर आपटले. तिचा हात तिथेच मोडला. मी आवाज ऐकला. डावखुरा जमिनीवर पडल्यावर कोणीतरी ओरडले, "डावा हात, डावा हात." मग पाच-सहा जण त्या हातावर नाचले. एकाने खुर्चीचा उपटलेला हात घेऊन जबड्यावर मारला. तोंडातून रक्ताबरोबर दात पडले. बाकीचे सभोवार उभे राहून पंचासारखे आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. दहा झाले की टाळ्या आणि परत एकपासून. "बारक्याचा बदला" असे एकजण आकड्यागणिक म्हणत होता. बारक्याला त्याने आयुष्यात पाहिलेले नसणार. बारक्या गेला तेव्हा हा ओरडणारा सात-आठ वर्षांचा असेल.

तिकीट तपासणारे काका मध्ये घुसले आणि डावखुऱ्याच्या डोक्यावर पालथे पडले. त्यांच्या दोन बरगड्या गेल्या. ते पडले नसते तर हा खुनाचा गुन्हा झाला असता.

मी जागचा हललो नाही. माइक चालू होता. हा प्रकार तीन मिनिटे वीस सेकंद चालला. मी घड्याळ बघितले नाही. फेऱ्या मोजण्यात माझा जन्म गेला आहे, त्यामुळे मला वेळ समजतो.

सोमवारी सकाळी चहावाल्याने मला माझा नेहमीचा चहा दिला आणि कानाशी येऊन म्हणाला, "वस्ताद, बरं केलंत. अकरा वर्षं पोटात ठेवलंत, माणसानं ठेवावं तरी किती." मी कप तसाच ठेवला आणि तिथूनच इस्पितळात गेलो.

डावखुऱ्याचा जबडा तारांनी बांधलेला आहे. डावा डोळा काढावा लागला. डाव्या हाताची तीन बोटे गेली. लिफ्टच्या तारा आणि पाने तो याच हाताने धरत असे. मुलगी प्लॅस्टरमधला हात घेऊन शेजारी बसली होती. तिने मला बघितले आणि खुर्ची ओढून माझ्या आणि पलंगाच्या मध्ये ठेवली. म्हणाली, "तिथूनच बोला." मी तिथूनच म्हणालो की हातमोज्यात काही नव्हते, मी स्वतः तपासले होते. ती म्हणाली, "हे मला शनिवारीच कळलं. लबाड माणूस मार खाताना हात बांधून बसत नाही."

डावखुऱ्याने वही मागितली. उजव्या हाताने लिहायची सवय नसल्याने एका ओळीला त्याला बराच वेळ लागला. मुलीने वाचून दाखवले. "चौथ्या फेरीनंतर कोपऱ्यात तो तुम्हाला काय म्हणाला?"

हे मला आजवर कोणी विचारले नव्हते. पंचांनी नाही, डॉक्टरांनी नाही, बारक्याच्या आईनेही नाही. त्या लेखकानेही नाही. इस्पितळात डावखुऱ्याला आणि त्याच्या मुलीला मी जे सांगितले ते इथे लिहून देतो.

लढतीच्या सहा दिवस आधी सरावात बारक्याच्या कानशिलावर ठोसा बसला होता. रात्री त्याला दोनदा उलटी झाली. मी त्याला डॉक्टरकडे नेले नाही, कारण डॉक्टरने लढत बंद केली असती. चौथी फेरी संपल्यावर तो कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वस्ताद, या कानात शिट्टी वाजतेय. थांबतच नाही." मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतले आणि म्हणालो, "लोक वाजवतायत रे, तुझ्यासाठीच." तो हसला. मला बरे वाटावे म्हणून तो नेहमी हसायचा. मी त्याच्या दातांवर रबर बसवले, दोन्ही काखांत हात घालून उठवले आणि पाठीवर थाप मारून पुढे ढकलले. टॉवेल माझ्या हातात होता. मी तो टाकला नाही. चौथ्या फेरीनंतरही नाही, पाचवीतही नाही.

हे सांगून झाल्यावर डावखुऱ्याने आणखी एक ओळ लिहिली. "मी दोनदा तुमच्याकडे बघितलं होतं."

मी म्हणालो, "हो. मला दिसलं होतं."

ते असे झाले होते. पाचव्या फेरीत बारक्याचे हात खाली आले होते आणि पावले आडवी पडत होती. डावखुऱ्याच्या ते ध्यानात आले. तो मारायचा थांबला आणि त्याने माझ्या कोपऱ्याकडे बघितले. मी मान फिरवली. पंच त्याच्यावर खेकसले, "लढायचं नसेल तर बाद करतो." लोक "मार, मार" करत होते. त्याने परत माझ्याकडे बघितले. मी बारक्याला ओरडून सांगितले, "हात वर." मग डावखुऱ्याचे दोन डावे ठोसे आले, एक गालावर, एक कानशिलावर. बारक्या सरळ मागे पडला आणि त्याचे डोके फळीवर आपटले. त्यानंतर तो कोणाशी बोललेला नाही.

अंमलदारसाहेबांनी विचारले, टॉवेल का टाकला नाही? उत्तर : गुणांवर बारक्या पुढे होता. दोनच फेऱ्या राहिल्या होत्या. माझ्या हाताखालचा एकही मुलगा तोवर एवढी मोठी लढत जिंकलेला नव्हता.

मुलीने वही मिटली आणि म्हणाली, "आम्हाला सांगून काय उपयोग? त्या सिनेमागृहात अजून रोज चार खेळ होतात. पोलिसांना सांगा." म्हणून मी इस्पितळातून थेट इथे आलो आहे. किल्लीवाला, हेल्मेटवाला, छत्रीवाली बाई आणि हातावर नाचलेल्यांपैकी तिघे यांना मी दाखवल्यास ओळखीन. "हाच तो" हे शब्द व्यवस्थापकांकडील चित्रणात माझ्या आवाजात आहेत, ते तपासावेत. माझ्यावर जी काही कारवाई होईल तिला माझी ना नाही. मी कुठेही जाणार नाही.

या जबाबाची एक प्रत मला मिळावी ही विनंती. बारक्याच्या आईला वाचता येत नाही. आज दुपारी ती इस्त्रीला बसायच्या आत मी तिच्याकडे जाऊन हा जबाब तिला वाचून दाखवणार आहे. अंमलदारसाहेब म्हणाले, शिपाई बरोबर देतो. मी नको म्हणालो.

जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. मध्ये एका ठिकाणी मी थांबवायला सांगितले आणि पाणी प्यालो, परंतु मजकुरात काही बदल करायला सांगितला नाही. लिहिलेले सर्व मी बोललो तसेच आहे आणि खरे आहे.

समक्ष,
सही / अंगठा : (सही)