शांततेसाठी आलेला माणूस

खरं सांगते, त्या रविवारचा माझा राग अजून गेलेला नाही. मी आणि सीवूड्सची माझी शेजारीण वैशाली, दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, सायकली घेऊन पनवेलच्या पुढच्या डोंगरात गेलो होतो. दोन्ही बाजूंना जंगल, रस्त्यावर एक गाडी नाही. चढ संपला आणि झाडीतून शीळ ऐकू आली, अगदी माणसाने घातल्यासारखी. कस्तूर पक्षी. तो एकदा ऐकायचा, ही वैशालीची फार दिवसांची इच्छा. आम्ही सायकली कठड्याला टेकवून गप्प उभ्या राहिलो.

तेवढ्यात एक गाडी आमच्या शेजारीच येऊन थांबली. नवरा-बायको उतरले. नवऱ्याने डिकीतून स्पीकर काढला आणि फुल आवाजात गाणं लावलं. शीळ बंद.

वैशाली नीटच बोलली, "दादा, आवाज जरा कमी करता का? आम्ही पक्षी ऐकतोय."

तो म्हणाला, "काकी, आठवडाभर ऑफिसचं टेन्शन असतं. ऐरोलीहून इतक्या लांब आम्ही शांततेसाठीच आलोय."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग ती स्पीकरमधून येणार आहे का?"

"रस्ता काय तुमच्या सोसायटीचा आहे?"

मी पुढे बोलणार, तोवर त्याच्या बायकोनेच स्पीकर बंद केला. तीही वैतागली असावी. थोड्या वेळाने झाडीतून पुन्हा शीळ आली. वैशालीने डोळे मिटून घेतले.

तो मात्र इकडेतिकडे बघत बायकोला विचारतो, "मग आता इथे करायचं काय?"