अर्बाब काय म्हणाला

ओमानमधल्या गाला या कारखान्यांच्या भागात, बसथांब्यावर माझ्या शेजारी दोन मराठी माणसं येऊन बसली. लाद्यांच्या कारखान्यातले शिवराम आणि त्यांच्याच गावचा, ऑफिसात काम करणारा अनुप.

“बाहेरून स्वस्त लाद्या आल्या नि आमचा कारखाना बसला. अशी नोकरी गेली की सरकार मदत देतं म्हणे.”

“ती ओमानी माणसांना, शिवरामदादा.”

“म्हणजे माझ्या जोडीला काम करणाऱ्या सालेमला मिळणार?”

“मिळेल.”

“एकाच पेटीची दोन टोकं धरायचो रे आम्ही.”

“नियम आहे, दादा. तुम्ही दुसरी नोकरी बघा. पण पहिली सुटली ना नक्की? मालक काय म्हणाला?”

“अर्बाब म्हणाला, खलास.”

“ते तर तो रोज संध्याकाळी म्हणतो.”

“म्हणून तर मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो. गेटला कुलूप.”

“मग?”

“मग काय, गेटसमोर बसून डबा खाल्ला.”

“अहो, त्याला सरळ फोन करा. माझी नोकरी गेली का, असं स्पष्ट विचारा.”

“अगदी तसंच विचारलं.”

“काय म्हणाला?”

“इन्शाल्ला.”