काठ्या डाव्या हाताला

रोवेना : टेकली का, काका?

सिरिल : टेकली नाही, जरा घासली. वल्ह्यानं ढकल मागे.

रोवेना : ढकलतेच आहे. वल्हंच हातभर चिखलात गेलं.

सिरिल : मग आधी ते काढ! ते गेलं तर तुझी आयव्हीकाकू मला घरात घ्यायची नाही, तिच्या बापाचं वल्हं आहे. निघालं? बरं. आता शीड उतरव. उगाच वारा भरला तर आणखी वर चढू.

रोवेना : उतरवलं. म्हणजे बसलोच आपण.

सिरिल : बसलो. ओहोटी लागलीय, आता दिवेलागणीपर्यंत हलायचं नाव नको. डब्यात काय आणलंयस?

रोवेना : डबा कसला सुचतो तुम्हाला! परवा शनिवारी मेळावा. पलीकडच्या नद्यांवरचे सगळे क्लब येणार, वीस-पंचवीस बोटी, निम्म्यांत शाळकरी पोरं. मी पहिल्यांदाच आपल्या क्लबची सेक्रेटरी झालेय, रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. आणि ज्यांना ही खाडी पाठ, ते माझे सख्खे काका भर दुपारी मला चिखलात घेऊन बसलेत.

सिरिल : चीज आणि व्हिनेगरमधला कांदा. इथवर वास येतोय.

रोवेना : मी म्हटलं होतं, वाट तपासायची तर भरती चढताना येऊ. टेकलो तरी पाणी आपलं आपण उचलेल.

सिरिल : चढत्या पाण्यात शेंबडं पोरही आत येतं. तू जन्मायच्या आधीपासून मी या खाडीत काठ्या रोवतोय, बाई. दर वसंतात वाळुंजाच्या फांद्या तोडायच्या, काठ्या सोलायच्या, वाटेच्या कडेनं चिखलात मारायच्या. काठ्या डाव्या हाताला ठेवा आणि खुशाल आत या. अख्ख्या सफोकला माहीत आहे. आजवर एकाचा तरी तळ लागला?

रोवेना : आज आपला लागला.

सिरिल : हिवाळ्यात गाळ सरकला असेल. खाडी आहे ती, डांबरी रस्ता नव्हे.

रोवेना : पण काठ्या तर तुम्ही ईस्टरनंतर रोवल्यात. हिवाळा सरल्यावर.

सिरिल : रोवल्यात. एकेक काठी डोळ्यांत तेल घालून रोवलीय. आणि परवा पहिली बोटही मीच आत आणणार. ज्यानं काठ्या रोवल्या त्याची बोट पुढे, ही आपली रीत आहे. चुकलं तर आधी त्याचा तळ फुटेल, मग दुसऱ्याचा. डबा तू उघडतेस की मी उघडू?

रोवेना : थांबा. आधी प्रार्थना.

सिरिल : चिखलातसुद्धा?

रोवेना : चिखलात तर आधी. प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार. आणि परवा जे कोणी पाण्यावर असतील, त्या सगळ्यांना सुखरूप घरी आण. आमेन.

सिरिल : आमेन. आज लांबवलीस. नेहमी अन्नापाशी थांबतेस.

रोवेना : नेहमी परवावर मेळावा नसतो.

सिरिल : त्या डेस्मंडनं तुझे कान भरलेत. क्लबाचा कमोडोर काय झाला, जळी-स्थळी त्याला प्लास्टिकच्या तरंगत्या बोया दिसतात. लाल बोया, हिरव्या बोया! खाडी आहे का जत्रा?

रोवेना : डेस्मंडला बोया आणायच्याच होत्या. मीच बैठकीत उठून म्हटलं, सिरिलकाकांच्या काठ्या आहेत तोवर बोया नकोत. माझ्या शब्दावर सगळ्या क्लबांना कळवलंय, काठ्या डाव्या हाताला ठेवून बिनधास्त आत या म्हणून.

सिरिल : शहाणी पोर.

रोवेना : त्या शहाणपणानंच झोप उडालीय. घ्या, चहा. अहो, इकडे. कप इकडे आहे.

सिरिल : दिसतोय मला. उन्हाची तिरीप आली डोळ्यांवर.

रोवेना : ऊन तुमच्या पाठीमागे आहे, काका.

सिरिल : मग पाण्यावरून आली. दे इकडे. साखर घातलीस का?

रोवेना : घातली. पाणी किती झरझर उतरतंय बघा. मघाशी हात बुडत होता, आता नुसता साका राहिला. काका, ते काय वर आलं? उजव्या हाताला. काळं काळं, दातांसारखं.

सिरिल : खेकड्याचे सापळे असतील कुणाचे.

रोवेना : सापळे असे ओळीनं नसतात. ते बघा, आणखी एक वर आलं. आणखी एक. काका, या गलबताच्या फासळ्या आहेत.

सिरिल : काहीतरीच बोलू नकोस. ते विटा भरलेलं गलबत काठ्यांच्या डावीकडे आहे. माझ्या आज्याच्या वेळी बुडालं तेव्हापासून डावीकडेच पडलंय. त्याच्यापासून लोकांना लांब ठेवायचं म्हणून तर काठ्या. ते काय उठून चालत गेलं?

रोवेना : गलबत नाही चाललं. काठ्या चालल्या.

सिरिल : म्हणजे?

रोवेना : म्हणजे काठ्या आपल्या डाव्या हाताला, जशा ठेवायच्या तशाच आहेत. आणि फासळ्या उजव्या हाताला. काठ्या गलबताच्याही पलीकडे गेल्यात. आपण नशिबानं चिखलात बसलो. आणखी थोडे उजवीकडे असतो तर फासळीवर बसलो असतो. परवा भर भरतीला त्या दिसायच्यासुद्धा नाहीत. पोरं शिडं फुगवून सुसाट येतील, माझं ऐकून, काठ्या डाव्या हाताला ठेवून. त्यांच्या बोटी म्हणजे अंड्याची टरफलं, काका!

सिरिल : ओरडू नकोस.

रोवेना : मी ओरडत नाहीये. मी कधी ओरडते? मला फक्त सांगा, ओळ कशी धरलीत?

सिरिल : माझा बाप धरायचा तशी. चर्चचा मनोरा नावाड्याच्या घराच्या चिमणीआड गेला, की ती ओळ. त्या ओळीवर बोट आणायची आणि काठी मारायची.

रोवेना : बोट कशाला? तुम्ही तर पायांना फळ्या बांधून ओहोटीला चिखलात उतरता. वाट समोर उघडी पडलेली असते.

सिरिल : या वर्षी बोटीतनंच मारल्या. अर्ध्या पाण्यात. गुडघे, रोवेना. चिखलात गेलेला पाय आता परत येत नाही.

रोवेना : आणि मनोरा चिमणीआड गेला?

सिरिल : गेला. नेहमीसारखा.

रोवेना : काका, ती चिमणी जानेवारीच्या वादळात पडली.

(चिखलात बुडबुडे फुटल्याचा बारीक आवाज येत राहतो.)

सिरिल : मला कुणी बोललं नाही.

रोवेना : बोलायचं काय त्यात? सगळ्या गावानं पाहिली. विटा रस्त्यात आल्या होत्या. तुम्ही आणि काकू दर रविवारी त्याच रस्त्यानं चर्चला जाता.

सिरिल : तिचा हात धरून जातो.

रोवेना : मला वाटायचं, प्रेमानं.

सिरिल : ते आहेच. तिथं काहीतरी होतं, रोवेना. उभं, काळपट, मनोऱ्याच्या पुढ्यात. मी म्हटलं, चिमणीच.

रोवेना : पॉपलरचं झाड ते. चिमणी होती त्याच्या कितीतरी उजवीकडे.

सिरिल : असेल. मधोमध धुरकट दिसतं मला. कडेकडेनं दिसतं, पण जिथं बघावं तिथंच नेमकं नाही. आत्ता तुझी टोपी दिसतेय. तोंड नाही.

रोवेना : कधीपासून?

सिरिल : गेल्या पानगळीपासून. मोटार विकली नाही का?

रोवेना : पेट्रोल परवडत नाही म्हणालात.

सिरिल : परवडतही नव्हतं.

रोवेना : डॉक्टर काय म्हणतात?

सिरिल : म्हणतात, आहे तेवढं राहिलं तरी पुष्कळ. तो फोन कशाला काढतेयस?

रोवेना : डेस्मंडला करते. मेळावा रद्द.

सिरिल : ठेव तो फोन.

रोवेना : पोरं आहेत, काका! तुमचा मान राहावा म्हणून मी एखाद्याचं पोर...

सिरिल : मान गेला खड्ड्यात. मी मानाचं बोलतच नाहीये. मेळावा परवा आहे, आज नाही. आणि आपण ओहोटीत नेमके या वळणावर बसलोय, सगळी खाडी तुझ्यापुढे उघडी पडेस्तोवर. समोर काय दिसतंय?

रोवेना : चिखल.

सिरिल : नीट बघ. फासळ्यांच्या उजवीकडे.

रोवेना : चिखलच. थांबा, एक ओहोळ आहे. फासळ्यांना वळसा घालून जातोय, थेट धक्क्याकडे.

सिरिल : तीच वाट. तिच्या डाव्या काठानं काठ्या यायला हव्यात, फासळ्या सोडून. पुढच्या बाकाखाली हात घाल. फळ्या आहेत. पायांना बांध.

रोवेना : फळ्या? चिखलात उतरवत नाही म्हणता, मग फळ्या कशाला आणल्यात?

सिरिल : तुझ्या पायांना होतील म्हणून.

रोवेना : म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?

सिरिल : ठाऊक असतं तर तुला बोटीत बसवलं असतं का? धाकधूक होती. रात्री पडल्या पडल्या काठ्या मोजायचो, एक काठी मनात नीट उभीच राहायची नाही. आयव्ही म्हणाली, असले घोर उशाशी ठेवू नयेत, पोरीला घेऊन जा. म्हटलं, टेकलीच तर आज आपली टेकू दे. आणि ओहोटीतच टेकू दे, म्हणजे झाकायला पाणी उरायचं नाही.

रोवेना : आणि मी मघापासून तुम्हाला गर्विष्ठ म्हणतेय मनात.

सिरिल : तेही आहेच की. बांधल्यास का? आता उतर. ताठ उभी राहू नकोस. पाय फाकवून, बदकासारखी. थांबलीस की रुतलीस.

रोवेना : चाललेय. अगंबाई, किती मऊ आहे! ही पहिली काठी. उपटू?

सिरिल : आधी गोल फिरव, मग उपट. नुसती ओढलीस तर काठी राहील वर आणि तू जाशील आत.

रोवेना : निघाली!

सिरिल : आता वळसा घालून ओहोळापाशी जा. फासळ्यांच्या फार जवळनं नको, तिथं खळगा आहे. पोचलीस? आता काठापासून दोन पावलं मागे ये आणि मार काठी. आवाज कसा येतोय?

रोवेना : आवाज? पचपच येतोय.

सिरिल : मग अजून घाल. खाली निळी माती आहे. ती लागली की पचपच थांबते.

रोवेना : नाही थांबत. हं... थांबली.

सिरिल : तिथंच. शेंडा जरा धक्क्याकडे झुकव. ओहोटी खेचून खेचून तिला सरळ करील. जा, आता दुसरी. मला काही दिसत नाहीये, तोंडानं बोलत राहा.

रोवेना : काय बोलू?

सिरिल : काहीही. तुझी ती रोजची प्रार्थना म्हण. आवाज आला की कळेल, आहेस म्हणून.

रोवेना : इतके दिवस नाकं मुरडलीत, आणि आता!

सिरिल : आता तू चिखलात आहेस.

रोवेना : म्हणते. पण मध्ये आमेन म्हणायचं तुम्ही.

सिरिल : म्हणेन. प्रत्येक काठीला म्हणेन. चल.

रोवेना : ...आमेन. ही शेवटची. थांबली पचपच. काका, फासळ्या आता काठ्यांच्या डाव्या अंगाला.

सिरिल : आमेन. पुन्हा बघ.

रोवेना : पाहिलं. दोनदा पाहिलं. काठी न् काठी वाटेच्या काठावर आहे. द्या हात, चढते. नखशिखांत माखलेय मी.

सिरिल : मला तर बाई टोपी दिसतेय, छान आहे.

रोवेना : पाणी वळलं वाटतं. बोटीखाली लागतंय.

सिरिल : लागतंय. बस जरा. चहा उरलाय का?

रोवेना : गार झाला. काका, डेस्मंडला सांगावं लागेल.

सिरिल : रविवारी सांगतो. चर्च सुटल्यावर.

रोवेना : उद्या. लोक शनिवारी माझ्या शब्दावर आत येणार. शब्द स्वच्छ असायला हवा.

सिरिल : उद्या तर उद्या. पुढच्या वसंतात काठ्या तू मारणार, हेही सांगतो. तो त्याच्या बोया काढून बसायच्या आत. पण गावाला एवढ्यात नको. आयव्हीला बायका गाठून गाठून विचारतील, तिला सोसायचं नाही.

रोवेना : गावाला मी कशाला सांगू? पण परवा पहिली बोट कोण आणणार?

सिरिल : ज्यानं काठ्या रोवल्या तो. तूच.

रोवेना : हात माझे होते, कान तुमचे होते. सुकाणू तुम्हीच धरा. मी पुढे टोकाला, नाळेवर बसते. काठी आली की सांगते, जरा डावीकडे, जरा उजवीकडे.

सिरिल : आणि मागनं येणाऱ्या वीस-पंचवीस बोटी?

रोवेना : त्यांना ऐकू जाणार नाही असं हळू सांगेन.

सिरिल : हळू नको, वाऱ्यात मला कळायचं नाही. तू आपली ओरड. चांगली घसा फाडून ओरड. लोकांना वाटू दे, म्हाताऱ्याचे कान गेले.