अठ्ठाविसाचे अठरा

बाबा : पुन्हा माप. विमानाच्या शेपटीच्या पट्टीला फूटपट्टी अगदी चिकटव. मी रिमोटची स्टिक पूर्ण ओढतो... हं, किती वळली?

लेक : अठरा मिलिमीटर.

बाबा : मी अठ्ठावीस ठेवले होते. वहीत लिहिलंय.

लेक : स्क्रू ढिला झाला असेल. आणि हळू बोला, ठकी आत्ताच झोपलीय.

बाबा : स्क्रू ढिला झाला की पट्टी लटपटते. मोजून दहा मिलिमीटर कमी वळत नाही. रिमोटच्या आतला आकडा कुणीतरी बदललाय. काल तुझा नवरा या खोलीत घुटमळत होता.

लेक : ठकीची दुपटी शोधत होता.

बाबा : हत्यारांच्या कपाटात?

लेक : त्याला घड्याळाचा सेलसुद्धा बदलता येत नाही, असं तुम्हीच सगळ्यांना सांगता. आणि तो रिमोटच्या मेनूत शिरेल?

बाबा : आव आणतात काही जण. दोन वर्षं खपलोय मी या विमानावर. तासाभरात मैदानावर जायचंय. उलट्यापालट्या मारणारं विमान आहे हे, पतंग नाही. एवढीशी पट्टी वळून त्याचं काय होणार?

लेक : पहिल्याच दिवशी कोलांट्या मारणार आहात?

बाबा : विषय बदलू नकोस. आधी तोल बघू, तोही कुणी बिघडवलाय का. बॅटरी बसवली. सरक, मी उचलतो.

लेक : मी उचलते ना. पंखांखालच्या दोन्ही खुणांवर एकेक बोट. लहानपणी मीच तर धरायचे.

बाबा : तेव्हा विमानं हलकी होती. सरक म्हटलं ना!

लेक : बरं बाबा.

बाबा : हे बघ. नाक किंचित खाली. असंच हवं.

लेक : किंचित खाली, मग किंचित वर, मग परत खाली.

बाबा : वारा आहे.

लेक : खिडकी बंद आहे, बाबा.

बाबा : ...पंखा असेल.

लेक : ठकीसाठी सकाळपासून बंदच आहे. ठेवा ते खाली. ठेवा ना! आकडा मी बदलला.

बाबा : तू?

लेक : काल, ती झोपल्यावर. तुम्हीच शिकवलेलं, विसरले नव्हते. पट्टी कमी वळली, तर हात हलला तरी विमान सरळ जातं. तुमचे अठ्ठावीस पुसले नाहीत मी. रिमोटवरचा डावीकडचा खटका खाली केला की परत मिळतील.

बाबा : चोरून केलंस.

लेक : तुम्ही नाही लपवलंत? गेले चार महिने चहा अर्धाच कप मागता. शर्टाची बटणं जाऊन टी-शर्ट आले. मी काहीतरी भलतंच समजत होते.

बाबा : काय समजत होतीस?

लेक : राहू दे.

बाबा : नाही, बोल आता.

लेक : तुम्ही ठकीला घेत नाही. बारशाच्या वयाची होती तेव्हा एकदा घेतलंत, ते शेवटचं. मी पुढे केली की तुम्हाला सर्दी होते, नाहीतर हाताला गोंद लागलेला असतो. मला वाटलं, आम्ही इथे राहायला आलो ते तुम्हाला जड जातंय. ह्याला म्हटलंसुद्धा, आपण दुसरं घर बघू.

बाबा : वेडी आहेस का? अगं, मान धरली नव्हती तिनं तेव्हा. माझ्या हातावर ती मान लटपटायला लागली. आधी वाटलं, तीच हलतेय.

लेक : डॉक्टरांना दाखवलंत?

बाबा : हे एकदा उडवायचं होतं, मग दाखवणार होतो. त्यांनी नको म्हटलं असतं तर?

लेक : उद्या जायचं. मी येते बरोबर.

बाबा : बघू.

लेक : बघू नाही. जायचं.

बाबा : बरं, जाऊ. आणि आज विमान तू उडव.

लेक : मी? दहा वर्षांत रिमोटला हात लावला नाही मी!

बाबा : काल लावलास की. मी शेजारी असेन, सांगत राहीन. अठरावरच ठेव, पहिल्या उड्डाणाला तेच बरं. हे मी तुझ्या नवऱ्यासमोर बोलणार नाही.

लेक : आणि ठकी उठली तर? ह्याला आज कामावर जायचंय. मी रिमोट धरला तर तिला कोण धरणार?

बाबा : ...गाडीत खुर्ची टाक एक. मी बसून तिला धरलं तर जमेल.