यादीने उत्तर देऊ नये

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय शेषरावजी नंदेश्वर साहेब, प्रमुख पाहुणे, रेल्वेत गार्ड असलेले केवलरामजी मेश्राम, महिला मंडळाच्या बेबीताई शेंडे, व्यासपीठावरील इतर मान्यवर आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना जय भीम.

सत्काराला उत्तर द्यायचं असतं, असं बेबीताईंनी मला काल सांगितलं. उत्तर लहान असावं, नम्र असावं आणि त्यात आईवडिलांचे आभार असावेत, असंही सांगितलं. लहान ठेवायचा मी प्रयत्न करीन. नम्रतेबद्दल प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं मत फारसं चांगलं नाही, तेव्हा तिथे सांभाळून घ्या.

केवलरामजींनी आत्ता आपल्या भाषणात सांगितलं की, कुठलंही कॉलेज ठरू दे, मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बसवून मला पोचवतील. त्यांच्या गाड्या भिलाई-३ च्या यार्डात किती वेळ उभ्या असतात ते आपण सगळे जाणतो. त्या गाडीने निघाले तर मी पोचेपर्यंत माझ्या वर्गातल्या मुली डॉक्टर होऊन परत येतील.

पण मुद्दा तोच आहे. कुठलंही कॉलेज ठरू दे, असं ते म्हणाले. बाहेरच्या फलकावर मात्र 'सत्कार व निरोप' असं लिहिलं आहे. सत्कार समजू शकते. निरोप कुठला? मी कुठे चालले आहे, हे अजून ठरलेलं नाही.

परिस्थिती जशी आहे तशी सांगते. जनावरांच्या डॉक्टरीसाठी मी दोन ठिकाणी अर्ज केले. लांबच्या, दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजने मला जागा दिली आहे. ते महाग आहे. आपल्याच राज्यातलं जवळचं कॉलेज स्वस्त आहे, पण तिथे मी प्रतीक्षा यादीत आहे, आणि वरच्या टोकाला नाही. लांबच्या कॉलेजला होकार सोमवारच्या टपालात पडला पाहिजे. जवळची यादी सरकली की नाही, हे त्यानंतरच कळणार. म्हणजे हातातली जागा सोडून वाट पाहायची, किंवा वाट पाहणं सोडून जागा घ्यायची. दोन्ही करता येत नाही.

अध्यक्षसाहेबांनी मघाशी, महिला मंडळाने पैशांची थैली पुढे करायच्या आधी, मोठ्या मायेने सल्ला दिला, "थांब बेटा. तुझा बाप लहानू टेंभुर्णे कारखान्यात कोक ओव्हनवर खलाशी, साधा मजूर आहे, लांबचं कॉलेज त्याच्या ऐपतीबाहेर आहे. यादी सरकेल." सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझे बाबा तिकडे, खांबाला टेकून बसले आहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खालीही पाहिलं नाही. समोर पाहत राहिले.

अध्यक्षसाहेब, तुमच्या वयाचा आणि मायेचा मान राखून सांगते, ते बरोबर नाही. ऐपतीचा प्रश्न होता, पण बाबा थांब म्हणतात ते ऐपतीमुळे नाही. घरातलं बाहेर बोलायची मला सवय नाही. तरी बाबांना 'बिचारा लहानू' म्हणून लोकांनी घरी पाठवावं आणि मी हार घालून गप्प बसावं, हेही मला जमणार नाही. दुपारी मी त्यांना विचारलं होतं, "मी सभेत बोलले तर चालेल का?" ते म्हणाले, "बोलून घे. घरात तू बी बोलत नाहीस, मी बी बोलत नाही. तिथं आयकीन."

म्हणून बोलते.

मी कोळशाच्या प्रयोगशाळेत काम करते. चिनी मातीच्या लहानशा वाटीत कोळसा जाळायचा आणि उरलेली राख तोलायची, हे माझं रोजचं काम. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात की वाटी भट्टीतून काढल्या काढल्या तराजूवर ठेवायची नाही. गरम वाटी खरी असते त्यापेक्षा हलकी भरते. ती झाकून गार होऊ द्यायची आणि मग तोलायची. घाई केलेला आकडा दिसायला छान दिसतो, पण चूक असतो. मी स्वभावाने थंड आहे असं लोक म्हणतात. मला वाटतं, मला गार झाल्यावर तोलायची सवय लागली आहे.

निवड झाल्याची बातमी आली तेव्हा मात्र कोणी गार व्हायची वाट पाहिली नाही. नळावर पाण्याला रांग होती. धोंडबाकाका तिथे होते. ते आमच्याच गावचे, साकोलीकडचे, बाबांबरोबर भिलाईला आले. आज समोरच बसले आहेत. राग मानू नका काका, तुमचं वाक्य मी जसंच्या तसं सांगते. ते बाबांना म्हणाले, "लहानू, आपन ढोरं ओढनं सोडलं अन् इथं लोखंड ओढाले आलो. आता तुही पोरगी पैसे भरून ढोरं फाडाले जाऊन राहिली. मंग गाव कावून सोडलं गा आपन?"

सगळे हसले. मीही हसले असते, वाक्य चांगलं होतं. पण बाबांनी अर्धी बादली तशीच उचलली आणि ते घरी आले.

इथल्या मोठ्या माणसांना हे समजावून सांगायला नको. लहान मुलं बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगते. दीक्षेनंतर आमच्या वस्तीने ठरवलं की मेलेलं जनावर ओढायचं नाही. तसं बाबासाहेबांनी कितीतरी आधीपासून सांगितलं होतं. त्या वर्षी मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, म्हैस गोठ्यात मेली. बोलावणं आलं, कोणी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आलं, कोणी गेलं नाही. वास आमच्या घरापर्यंत यायचा. मग आमच्या लोकांना शेतावरची कामं बंद झाली, दुकानात मीठ मिळेना. भिलाईला कारखाना उभा राहतोय, माणसं घेतात, असं कळलं आणि बाबा निघाले. ज्या दोरानं आजा जनावरं ओढायचा तो दोर बाबांनी निघताना चुलीत घातला. आई सांगते, तो जळता जळेना आणि घरात इतका धूर झाला की सगळे बाहेर जाऊन उभे राहिले. आमच्या घरात त्यानंतर 'ढोर' हा शब्द कोणी उच्चारत नाही. आई गाईला गाय म्हणते, बैलाला बैल. सगळ्यांचा मिळून शब्द आमच्याकडे नाही.

अशा घरातल्या मुलीने जनावरांची डॉक्टरी निवडली. का? मला जनावरांचा लळा आहे, असं मी कधी म्हटलेलं नाही. मला कारण कळलेलं आवडतं.

माझा आजा मी पाहिला नाही. मालगुजाराचा एक धडधाकट बैल संध्याकाळपर्यंत औताला होता आणि सकाळी मेलेला सापडला. नाकातून काळं रक्त आलेलं होतं. आजानं तो ओढला, सोलला. काही दिवसांनी त्याच्या मनगटावर एक फोड आला. वर काळी खपली धरली. दुखत नव्हतं, म्हणून त्याने लक्ष दिलं नाही. मग हात खांद्यापर्यंत सुजला, ताप चढला आणि तो गेला. गाव म्हणालं, देवीचा कोप. हे मला आईने सांगितलं, तेही एकदाच. इंटरला असताना पुस्तकात मी त्या रोगाचं वर्णन वाचलं. काळपुळी. जनावराला होते आणि कातड्यातून, रक्तातून माणसाला लागते. असं जनावर ओढायचं नाही, फाडायचं तर मुळीच नाही. खोल खड्डा करून चुना टाकून पुरायचं. पुस्तकात अर्धं पान होतं. त्या अर्ध्या पानात माझा आजा होता.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजे बापाले हे मालूम असतं, तं तो वाचला असता?"

मी म्हटलं, "हो."

"नाई. मालूम असतं तरी त्याले जा लागलं असतं. नाई म्हनाची सोय नव्हती त्याले."

माझ्या सगळ्या मांडणीला इथे भोक होतं आणि पुस्तक न वाचलेल्या माणसालाही ते दिसलं, याचं नवल नाही. ते भोक त्यांच्या घरात घडलेलं होतं, त्यांना दिसणारच. मग मी म्हटलं, "सरकारी डॉक्टरने लिहून दिलं असतं की या बैलाला कोणी हात लावायचा नाही, तर मालगुजाराला ऐकावं लागलं असतं. आजाला नाही म्हणावं लागलंच नसतं."

"डाक्टर कोन होता तवा आपल्याकडं?"

"कोणी नव्हता. आताही नाही."

ते उठून ड्यूटीवर गेले.

बंधू-भगिनींनो, एक प्रश्न मी इथे विचारून ठेवते, उत्तराची घाई नाही. आपण ते काम सोडलं, ते योग्यच केलं. पण जनावरं मरायची थांबली आहेत का? आज त्या गावात मेलेला बैल कोण ओढतो? कोणीतरी ओढतोच. त्याच्या मनगटावर फोड आला तर त्याला कोण सांगणार?

आता यादीकडे येते. बाबा मला कधीही नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "थांबू. जवळच्या कालेजची यादी सरकन. लांब पैसा लागते." मला ते पटलं होतं. मुलीला स्वस्तात जवळ शिकता येत असेल तर कुठला बाप लांब पाठवील? मी विचारलं, "यादी नाही सरकली तर?" ते चटकन म्हणाले, "नाई सरकली तं नाई. परयोगशाळा हायेच ना तुही." आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा जरा आराम दिसला.

तेव्हा मला समजलं. बाबा यादी सरकायची वाट पाहत नव्हते. ती सरकू नये, याची वाट पाहत होते. मला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं होतं आणि हो म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. यादीने नाही म्हटलं असतं तर दोघांची सुटका होती. मी हिरमुसले असते, त्यांनी माझी समजूत घातली असती, आणि आम्ही दोघं जन्मभर एकमेकांशी चांगले वागलो असतो.

बेबीताई, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही आणि मंडळातल्या बायांनी घरोघरी फिरून, कोणाच्या पोळीच्या पिठातून, कोणाच्या लुगड्यातून काढून ही थैली उभी केली, की पैशासाठी माझं अडू नये. यापेक्षा मोठा सत्कार मला माहीत नाही. पण या थैलीने काय केलं ते सांगते. बाबांना टेकायला पैशाची एकच भिंत होती, ती काढून घेतली. म्हणून ते आज खांबाला टेकून बसले आहेत. हसू नका, मी सरळ अर्थाने बोलते आहे. मघाशी मी त्यांना पुढे खुर्चीवर बसा म्हटलं तर ते आले नाहीत.

मी रात्रीपासून विचार करते आहे असं म्हणणार नाही, विचार आधीच झाला होता. आज सकाळी मी जवळच्या कॉलेजला कळवलं की माझं नाव यादीतून काढून टाका. आई तेवढी सोबत होती. ती म्हणाली, "बाबाले सांगशीन ना?" सांगते आहे, आई.

अध्यक्षसाहेब, याला उद्धटपणा समजू नका. आता आम्हा दोघांच्या मध्ये ना यादी उरली, ना पैशाची अडचण. लांबच्या कॉलेजच्या होकाराचा फॉर्म भरून माझ्या पिशवीत आहे. वसतिगृहासाठी त्यावर पालकांची सही लागते, ती जागा कोरी आहे. बाबा भिलाईला आले तेव्हा अंगठा लावत होते. सही त्यांनी इथे, रात्रीच्या वर्गात गिरवून शिकली. ती सही दुसऱ्या कोणाच्या हातून मी करून घेणार नाही, आणि करता येत असली तरी स्वतः करणार नाही. बाबांनी नाही म्हटलं तर सोमवारी मी प्रयोगशाळेत हजर असेन. मला वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही. पण ते नाही त्यांचं असेल. बाबांच्या आधी आमच्या घराण्यात कोणाला नाही म्हणायची सोय नव्हती. बाबांनी ती मिळवली, त्यासाठी गाव सोडलं. ती त्यांनी एखाद्या कॉलेजच्या यादीला देऊन टाकू नये.

एवढंच मला म्हणायचं होतं.

बेबीताई, ही थैली सोमवारपर्यंत तुमच्याकडेच ठेवा. आज मी ती घेतली तर आकडा हलका भरेल. धोंडबाकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, हे मला माहीत आहे. पाच वर्षांनी देता आलं तर साकोलीच्या बाजारात देईन. केवलरामजी, गाडी तयार ठेवा, पण मी प्रवासी गाडीनेच जाईन.

मंडळाने सभा घेतली, बायांनी माझ्यासाठी कष्ट केले, आपण सर्वांनी दिवसपाळी करून आल्यावर इतका वेळ बसून ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. घरातली गोष्ट सभेत आणली, वडीलधाऱ्यांना उलट बोलले, बोलण्यात आणखीही काही कमीजास्त झालं असेल, ते आपल्या घरची मुलगी म्हणून पोटात घालावं.

बाबा, सभा संपली की आपण बरोबरच घरी जाऊ. सही करायची असेल तर पेन माझ्याकडे आहे. करायची नसेल, तर तेही मला तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

जय भीम.