बागेच्या मॉडेलवर सापडलेल्या काडेपेटीबाबत

जबाब, दि. १३ जून, शुक्रवार, सकाळी ११.१०

मी, बर्नाडेट कॉस्मास डिमेलो, वय ५७ वर्षे, धंदा सुकी मासळी विक्री, शिक्षण चौथी, रा. बाळकुम गाव, ठाणे (प.), आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून स्वतः हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर पती कॉस्मास याच्यासह राहते. गेली एकोणीस वर्षे मी जुन्या बाजारातल्या बागेच्या फाटकाशी सकाळी सहा ते दुपारी एक सुकट, बोंबील आणि जवळा विकते. माझ्या शेजारी शीला हार-फुले विकते. आज माझी पाटी तिच्या भरवशावर ठेवून आले आहे. तिला बोंबलाचा वास सोसत नाही, म्हणून जबाब लवकर आटपावा. सुरुवातीला हवालदार मारुती यांनी मला पाणी विचारले. मी नको म्हटले.

सदर बागेची सुधारणा होणार असल्याने तिचे थर्मोकोलचे मॉडेल शेजारच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये लोकांना बघायला ठेवले होते. आपली सूचना चिठ्ठीवर लिहून मॉडेलवर चिकटवा, असा बोर्ड होता. २ जून रोजी दुपारी एकनंतर मी व शीला बघायला गेलो. मॉडेलमध्ये नाचणारे कारंजे, फुलपाखरांची बाग, हास्यक्लबचा कट्टा आणि सेल्फी पॉइंट होता. सेल्फी पॉइंट दाखवला तिथेच आम्ही दोघी बसतो. त्याबद्दल तक्रार नाही, आम्ही चार फूट सरकू. तिथे आराखडा करणाऱ्या ऑफिसचा हितेश हजर होता. मी त्याला विचारले, "सगला हाय, पन बायांचा संडास कुठं हाय?" तो म्हणाला, "आंटी, ते कन्सेप्टमध्ये बसत नाही. आणि मॉल आहे ना पाच मिनिटांवर." मॉलचा वॉचमन मला लांबूनच ओळखतो. वासावरून ओळखतो. आत सोडत नाही.

नैसर्गिक विधीची सोय नसल्याने मी पहाटे अर्धा कप चहा घेते आणि दुपारी घरी पोचेपर्यंत पाण्याला शिवत नाही. "नैसर्गिक विधी" हा शब्द हवालदारांचा आहे, मी साधा शब्द वापरला होता. मला दोनदा मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, दिवसाला तीन लिटर पाणी प्या. मी त्यांना म्हटले, एक दिवस माझ्या शेजारी येऊन बसा. ते आले नाहीत.

शीलाची मुलगी रुचिता हिच्याकडून मी "बायकांना संडास पाहिजे" अशी चिठ्ठी लिहून घेतली व मॉडेलवर लावली. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. पंख्याने उडाली, असे हितेश म्हणाला. मी दुसरी लावली, तीही उडाली. तिसरी मी चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून लावली, तरी उडाली. हास्यक्लबवाल्यांच्या अकरा चिठ्ठ्या त्याच पंख्याखाली जागच्या जागी होत्या. तेव्हा मला राग आला, तो तसाच लिहावा.

आमच्याकडे दर नाताळात येशूच्या जन्माचा गोठा करतात, त्यामुळे लहान घरे करायचा मला हात आहे. रविवारी, ८ जूनला, चर्चमधली मिस्सा करून आल्यावर मी एक काडेपेटी घेतली. तिला पांढरा रंग दिला, वर पुठ्ठ्याचे छप्पर घातले, छपरावर बाटलीच्या झाकणाची टाकी बसवली आणि दारावर लाल नेलपॉलिशने "महिला" लिहिले. कॉस्मास म्हणाला, दाराला आतून कडी कर. तीपण केली. बाहेर एक बाई उभी पाहिजे म्हणून गोठ्यातली मेंढपाळीण घेतली. तिच्या काखेत कोकरू आहे, ते सुटत नाही. ९ तारखेला दुपारी मी हे सर्व सेल्फी पॉइंटच्या जागी डिंकाने पक्के चिकटवले. तिथला लाल बदाम काढला हे खरे आहे. तो आमच्या फ्रिजवर आहे, परत देईन.

११ तारखेला मॉडेल बघायला एक मोठे साहेब आले. त्यांचे नाव मला माहीत नाही, पण बाकीचे सगळे वाकून चालत होते. साहेबांनी काडेपेटी बघितली, कोकरू बघितले आणि म्हणाले, "महिलांची सोय आणि पाळीव प्राण्यांसाठीही जागा. असा विचार पाहिजे." हितेश म्हणाला, "सर, हे आम्ही पहिल्यापासून धरलंय." हे मी खिडकीतून स्वतःच्या कानांनी ऐकले.

काल हितेशने नकाशा काढून बघितला, तर त्यात संडासही नव्हता आणि प्राणीही नव्हते. त्याने काडेपेटी आणि मेंढपाळीण उपटून पोलीस ठाण्यात जमा केली व मॉडेलची मोडतोड केल्याची तक्रार माझ्यावर दिली. तो मला फाटकाशी येऊन म्हणाला, "आंटी, हे डिझाइन आहे, तुमचा गोठा नाही." मी म्हटले, "गोठ्यात तरी जागा मिलाली रे बाबा, इथं ती पन नाय."

आज चार वाजता त्याच हॉलमध्ये साहेब मॉडेल बघून मंजुरी देणार आहेत. काडेपेटी जागेवर नसेल तर संडास मंजूर होणार नाही, आणि बागेची पुढची सुधारणा माझ्या हयातीत होईल असे वाटत नाही.

जबाब चालू असताना महिला पोलीस शिपाई विनिता यांनी आतल्या शौचालयाची किल्ली आणून माझ्यासमोर ठेवली. त्या म्हणाल्या, "मावशी, आधी पाणी प्या. त्या बागेपाशी बंदोबस्ताला मीपण बारा-बारा तास उभी असते." हे लिहायची गरज नाही असे हवालदार म्हणाले. मी लिहा म्हटले. मी दोन ग्लास पाणी प्यायले. धंद्याच्या दिवशी सकाळी पाणी पिण्याची एकोणीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. मला रडू आले. त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

१२.०५ वाजता विनिता मॅडम चारच्या बैठकीच्या बंदोबस्तासाठी हॉलवर निघून गेल्या. १२.२० वाजता हवालदारांनी जमा वस्तू ओळखण्यासाठी खण उघडला. आतली मेंढपाळीण व कोकरू माझेच आहेत, ते नाताळाच्या आत परत मिळावेत. काडेपेटी खणात नव्हती. हवालदारांनी खण तीनदा उपसला, टेबलाखाली वाकून बघितले आणि मला विचारले, कुठे गेली असेल. पंख्याने उडाली असेल, असे मी सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. "नैसर्गिक विधी" सोडून बाकी सगळे शब्द माझे आहेत व खरे आहेत, म्हणून खाली सही करते.

(सही) बर्नाडेट कॉस्मास डिमेलो